वजनकाट्याचा लॉग आणि कोरा रकाना
रावेरला केळीचे ट्रक मोजणाऱ्या वजनकाट्याचा लॉग धरा. भरलेलं वजन '१२,४५०' किलो, रिकामं '४,२००'. स्प्लंक या लॉग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इव्हॅल या हिशेबाच्या कमांडने वजाबाकी केली की निव्वळ वजनाचा रकाना कोराच! स्वल्पविरामामुळे तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. आधी रिप्लेसने स्वल्पविराम काढा, मग मजकुराचा आकडा करणारं टूनंबर लावा, उत्तर ८२५०.

रिकामं वजन नोंदवलंच नसेल तरीही उत्तर कोरंच येतं. त्या रिकाम्या वजनाच्या रकान्यात घाईने फिलनल कमांडने शून्य भरलंत, तर ट्रकचं लोखंडही केळीत जमा होईल आणि सरासरी फुगेल. कोऱ्या नोंदी सरासरी आपसूक वगळते, तेच बरं.

सरासरी काढणाऱ्या स्टॅट्स कमांडनंतर गाडी नंबर गायब? गट पाडणाऱ्या 'बाय'मध्ये न दिलेले रकाने स्टॅट्स टाकूनच देतं. प्रत्येक नोंदीशेजारी सरासरी हवी असेल तर इव्हेंटस्टॅट्स वापरा.