१९७७ ची रात्र, सांगलीचा पाऊस

आज पावसानं दुपारपासून उसंतच दिली नाही. दुकान लवकर बंद केलं, आयर्विन पुलावर थांबून कृष्णेचं पाणी पाहिलं आणि घरी येऊन हेडफोन लावले. लेड झेपलिन हा इंग्लिश रॉक बँड, लॉस एंजेलिसचं फोरम सभागृह, २१ जून १९७७.

हे अधिकृत रेकॉर्डिंग नव्हे. माइक मिलार्ड नावाच्या रसिकानं व्हीलचेअरमध्ये टेपरेकॉर्डर लपवून आत नेला आणि प्रेक्षकांत बसून सगळा कार्यक्रम टिपला. तरी आवाज इतका मोकळा की सभागृहाची खोली कानाला जाणवते.

आणि ड्रमर बॉनम! त्या रात्री तो ड्रम वाजवत नव्हता, अख्ख्या बँडला पुढं रेटत होता. पहिल्याच गाण्यात बेस ड्रमचा ठोका थेट छातीत बसतो. गायक प्लँटचा आवाज मधेमधे खरखरीत होतो, गिटारवर पेजची बोटं घाईत एखाद-दोनदा चुकतात. मला त्या चुका हव्याहव्याशा वाटतात. स्टुडिओत त्या पुसल्या गेल्या असत्या. 'नो क्वार्टर' हे गाणं मात्र फार लांबतं, पण जोन्सचा पियानो सुरू झाला की तक्रार विरते.

बाबांकडे मिरजेच्या दर्ग्यातल्या मैफिलींच्या कॅसेट होत्या, कुणीतरी मांडीवर टेप ठेवून केलेल्या. त्यातही असंच, तानेआधी कुणाचं तरी खोकणं आणि समेवर उठलेली दाद. आज टाळ्यांच्या कडकडाटात जवळूनच कुणीतरी ओरडलं, तेव्हा मला तीच कॅसेट आठवली.

तीन तास झाले. बाहेर अजून कोसळतोय. पहिलं गाणं परत लावलंय.