कूलरचं पाणी

मे अर्धा सरला आणि पँट सैल झाली. बायको म्हणाली, ऊन लागलं असेल. आई म्हणाली, जेवण जात नाही पोराचं. मी मनातल्या मनात हिशोब मांडत गेलो आणि येऊन थांबलो तो बाल्कनीतल्या पत्र्याच्या कूलरपाशी.

आमचं घर नागपुरात, मानेवाड्यात, पहिल्या मजल्यावर. नळ खाली, कूलर वर, मध्ये १९ पायऱ्या. आजूबाजूच्यांनी कूलरला पाइप जोडून घेतलाय. आमच्याकडे पाणी वर चढत नाही आणि पंपाचा खर्च दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर जातो. त्यामुळे रोज सकाळी सहा बादल्या. बादली १५ लिटरची, पण काठोकाठ भरली की जिना धुऊन निघतो आणि खालच्या काकू बाहेर येतात, म्हणून १२ लिटरच. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. दोन हातांत २४ किलो, तीन खेपा, ७२ किलो. पारा ४५ ला टेकला की दुपारीच टाकी तळ दाखवते. मग संध्याकाळी पुन्हा तेवढंच.

आपल्या कूलरची गंमतच ही. हवा कोरडी, त्यामुळे ताट्यांमधलं पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर नुसता ओला पंखा. म्हणजे ऊन जितकं कडक तितकं पाणी जास्त, आणि तितक्या माझ्या खेपा. शिवाय टाळायची सोय नाही. फिरायला गेलो नाही तर कोणी विचारत नाही. कूलर भरला नाही तर रात्री अकराला अख्खं घर विचारतं.

याआधी खटपट केली नव्हती असं नाही. अंबाझरी तलावावर फिरायला जायचो. पण मानेवाड्याहून अंबाझरी म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. फुकट चालण्यासाठी पेट्रोल जाळायचं आणि परतताना तर्री-पोह्याच्या ठेल्यापुढे गाडी आपोआप हळू व्हायची. वर शेवही घ्यायचो. मग डंबेल बघायला गेलो. तिथे लोखंड किलोच्या भावाने विकतात, कांद्यासारखं. भाव ऐकून परत आलो. शेवटी दोरी आणली, स्वस्तातली. तिसऱ्या दिवशी काकू वर आल्या. "भाऊ, काय कूटून राहिले एवढं? आमच्या पंख्याच्या वाटीतून चुना पडून राहिला ना!" दोरीवर आता टॉवेल वाळतात.

बादलीची कोणाची तक्रार नाही. उलट आता तिच्यात मी थोडं शास्त्रही घातलंय. एकच बादली उचलली की कंबर वाकडी होते, म्हणून दोन्ही हातांत सारखं वजन. उचलताना पाठ नाही, गुडघे वाकवायचे. जिममध्ये यालाच फार्मर्स वॉक म्हणतात असं भाचा सांगतो. शेतकऱ्याला कोणी विचारलं होतं की नाही देवाला ठाऊक. पाण्याचं अजून एक बरं, वजन लोट्यालोट्याने वाढवता येतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे करताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. १९ व्या पायरीवर मी तसाही गात नाही. बाकी सूर्यनमस्कार आहेतच, गच्चीवर, साडेपाचला. त्यानंतर स्लॅबवर हात टेकवत नाही.

खरी शरम मात्र वेगळ्याच ठिकाणी वाटली. आई ७१ वर्षांची. गच्चीवर कुरडया घालते, खाली बसून तूर निवडते, आणि उठताना कशालाच हात लावत नाही. मी शेजारी बसलो आणि उठताना भिंत धरली, मग तिचा खांदा. "काहून रे, म्हातारा झाला का?" त्या दिवसापासून जेवायला टेबल सोडून खाली बसतो. खाण्यातही फार खर्च नाही केला. रात्री मूठभर चणे भिजवायचे, भाकरीबरोबर जवसाची चटणी. चण्याने अंगात ताकद येते असं आई म्हणते आणि प्रोटीन मिळतं असं भाचा म्हणतो. दोघांचं भांडण नाही.

जूनच्या शेवटी पाऊस लागला. हवा ओली झाली, कूलर नुसता घोंघावू लागला. तो पुसला, जुन्या चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. पंधरा दिवसांत पँट पुन्हा मापात आली.

परवा सकाळी दोन बादल्या भरून मी जिना चढत होतो. वर नेल्या, तशाच खाली आणल्या, पुन्हा वर नेल्या. दुसऱ्या खेपेला काकूंनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, बादल्यांकडे पाहिलं, वर रिकाम्या बाल्कनीकडे पाहिलं.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "कूलर तर काढला ना तुम्ही?"