मशिदीच्या गल्लीने बँकॉक: एकटीचा स्वस्तातला वीकेंड

बँकॉकला एकटी चाललेय म्हटल्यावर घरातून दोनच प्रश्न आले. अम्मीचा, 'तिथे खाशील काय?' आणि खालाचा, म्हणजे मावशीचा, 'सोबत कोण?' खालाला उत्तर द्यायच्या भानगडीत मी पडले नाही, मेहरमशिवाय (नवरा किंवा जवळचा पुरुष नातेवाईक सोबत नसताना) बाईने प्रवास करावा का हा विषय आमच्याकडे प्रत्येक लग्नात बिर्याणीसोबत वाढला जातो आणि त्यावर माझं मत सगळ्यांना माहितीये. पण अम्मीचा प्रश्न खरा होता. तो सोडवता सोडवताच अख्ख्या ट्रिपचा प्लॅन तयार झाला, म्हणून हे लिहितेय, कारण बऱ्याच मैत्रिणी विचारतात की बाई गं तिथे तर सगळीकडे डुक्कर, मग तू जगलीस कशी.

तर मी हॉटेल आधी शोधलंच नाही, मशीद शोधली. नकाशावर मशीद टाकायची, तिच्या आजूबाजूला काय खायला मिळतं ते बघायचं आणि मग चालत जाता येईल असं हॉस्टेल घ्यायचं. लोकांना वाटतं हे फार धार्मिक वगैरे आहे, पण माझ्यासाठी हे सरळ पैशाचं गणित आहे. मशिदीजवळची वस्ती म्हणजे तिथे राहणाऱ्या लोकांची वस्ती, टुरिस्टांची नाही, म्हणजे जेवण स्वस्त, वर वुजूला, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुवायला, पाणी, बाथरूम आणि बसायला सावली फुकट. मॉलमधली हलाल रेस्टॉरंट्स पण आहेत, पण तिथे एका वेळच्या जेवणात माझं दोन दिवसांचं जेवण झालं असतं.

मला सापडली ती फेत्चाबुरी सोई ७ मधली दारुल अमान मशीद. सोई म्हणजे गल्ली. सुवर्णभूमी एअरपोर्टवरून एअरपोर्ट रेल लिंकने फाया थाई, तिकीट ४५ बाथ, आणि तिथून स्काय ट्रेनचं एकच स्टेशन पुढे राचथेवी, मग चालत. (बाथ म्हणजे अडीच ते तीन रुपये धरा, रेट हलत असतो.) शुक्रवारी रात्रीची फ्लाइट पकडली की पहाटे पोचता, घड्याळ दीड तास पुढे करायचं, फजर, म्हणजे पहाटेची नमाज, मी एअरपोर्टच्या प्रेयर रूममध्येच पढले आणि मग ट्रेन. जायच्या आधी ते डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

ही गल्ली म्हणजे काय सांगू. दोन्ही बाजूला गाड्या आणि छोटी हॉटेलं, पाट्यांवर चांदतारा, आतल्या मावश्या डोक्याला रुमाल बांधून रोटी थापतायत. सकाळी सकाळी मताबा खाल्ला, म्हणजे आत खिमा-अंडं भरलेली चौकोनी रोटी, सोबत काकडी-कांद्याचं आंबटगोड काहीतरी. दुपारी खाव मोक, ही त्यांची बिर्याणी, पिवळा भात, कोंबडीचा मोठ्ठा तुकडा, वर तळलेला कांदा आणि बाजूला हिरवी आंबट-तिखट चटणी. आमच्या घरच्या बिर्याणीशी तुलना करणार नाही, घरी परत जायचंय मला. पण शेपटीचं सूप म्हणजे ऑक्सटेल, ते मात्र खरंच भारी, आंबट, तिखट, टोमॅटो-कांदा घातलेलं, घाम फुटेपर्यंत प्यायले.

आता खरी गोष्ट. मशिदीत बायकांना जागा होती. हे वाचून ज्यांना काही वाटलं नाही ते पुरुष असणार. मुंबईत फिरताना जोहरची (दुपारच्या नमाजची) वेळ झाली की मी काय करते, तर ट्रायल रूम, ऑफिसची स्टोअर रूम, मैत्रिणीचं घर, नाहीतर सरळ कजा, म्हणजे वेळ चुकवून नंतर पढायची. आपल्याकडे बहुतेक मशिदींत बायकांसाठी सोयच नसते, हल्ली काही ठिकाणी झालीये पण विचारून जावं लागतं आणि विचारताना आपणच चोर असल्यासारखं वाटतं. इथे मी दारात घुटमळले तर एका आजीने हातानेच 'ये ये' केलं, पडद्यामागे बायकांची जागा, कपाटात नमाजचे धुतलेले झगे टांगलेले, जिच्याकडे नसेल तिने घालायचे आणि जाताना परत टांगायचे. कुणी काही विचारलं नाही. आम्ही कोकणी म्हणजे शाफई (सुन्नींमधला एक पंथ, हनफी हा दुसरा), आणि थायलंडचे मुसलमान पण बहुतेक शाफईच, त्यामुळे हात कुठे बांधायचे, आमीन मोठ्याने का हळू, सगळं घरच्यासारखं. मुंबईत हनफी मैत्रिणींमध्ये मीच कायम वेगळी असते! प्रवासात असल्यामुळे जोहर आणि असर (त्यानंतरची नमाज) चारऐवजी दोन-दोन रकात (नमाजचे फेरे) एकत्र पढून मोकळी, चार दिवसांपेक्षा कमी मुक्काम असला की आमच्यात चालतं, आणि वीकेंड ट्रिपला ही सवलत म्हणजे वरदान आहे. किबला (नमाजची दिशा) पण आपल्यासारखाच पश्चिमेकडे, जरासा उत्तरेला कललेला.

शनिवारी सकाळचं ऊन चढायच्या आत चतुचक गाठलं. हा बाजार मुख्यतः शनिवार-रविवारचाच, पंधरा हजारांच्या वर दुकानं, २७ विभाग, आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. चुकलात की मनोऱ्याकडे चालत या, एवढंच लक्षात ठेवा. स्काय ट्रेनने मो चितला उतरायचं. इथे नियम एकच, आवडलं तर लगेच घ्या, 'परत येताना घेऊ' म्हणालात की ते दुकान या जन्मात दिसत नाही. सिरॅमिकच्या वाट्या, कापडी पिशव्या, साबण, नारळाच्या करवंट्यांचे बाऊल (हे आपण कोकणातून विकत घ्यायला बँकॉकला जातो, हसा). भाव करता येतो पण हसत हसत, आपल्या स्टाइलने 'अर्ध्यात दे' म्हणून पाठ फिरवली तर मागून कुणी हाक मारत नाही, मी फिरवून बघितली. आत हलाल जेवण मिळतं, शोधायला लागतं.

दुपारी परत गल्लीत, नमाज, जेवण, हॉस्टेलवर झोप (बायकांची डॉर्म, रात्रीचे ४५० बाथ, एसी, लॉकर, तक्रार नाही). संध्याकाळी काहीच प्लॅन नव्हता म्हणून चालत चालत मागच्या कालव्याकडे गेले, आणि ट्रिपमधली मला सगळ्यात आवडलेली जागा तिथे होती.

बान क्रुआ. सेन सेप कालव्याला लागून असलेली चाम मुसलमानांची वस्ती. चाम म्हणजे मुळात आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्याचे लोक, तिथून कंबोडियात आणि मग सयाममध्ये, म्हणजे जुन्या थायलंडमध्ये, आलेले. अठराव्या शतकाच्या शेवटी राजा रामा पहिला याच्या बाजूने लढले म्हणून त्यांना ही जमीन मिळाली. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटायचं, लाकडी घरं, मांजरी, दारात गप्पा मारणाऱ्या बायका, आणि मध्येच जामिउल खैरिया मशीद. हे लोक रेशीम विणायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्पसन नावाचा अमेरिकन बँकॉकमध्ये राहिला, त्याने थाई सिल्क जगभर विकलं, मोठा ब्रँड झाला, ते विणणारे हात मात्र बरेचसे या वस्तीतले. त्याचं १९५९ सालचं सागवानी घर कालव्याच्या बरोबर पलीकडे आहे, आता म्युझियम, तिथे रांगा असतात. तो स्वतः १९६७ मध्ये मलेशियाच्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये फिरायला बाहेर पडला आणि गायब झाला, आजपर्यंत पत्ता नाही. ही स्टोरी सगळ्या गाइडबुकात असते, विणकरांची वस्ती मात्र कालव्याच्या या बाजूला आणि तिथे त्या संध्याकाळी टुरिस्ट म्हणून मी एकटी. मधे एक्सप्रेसवेचा रस्ता या वस्तीवरून न्यायचं ठरलं होतं, लोकांनी वर्षानुवर्षं लढून ते थांबवलं. आता हातमाग अगदी मोजक्या घरांत उरलेत. एका घरात खटखट आवाज येत होता, डोकावले, आत बोलावलं, भाषा येत नाही म्हणून नुसते धागे दाखवले, मी सलाम केला तर आजोबा एकदम खूश. एक स्टोल घेतला. बजेटमधली उधळपट्टी तेवढी एकच आणि त्यात मी भाव केला नाही.

त्या कालव्यावर बोट चालते, पर्यटकांची नाही, लोकांची लोकल. वीसेक बाथच्या आत कुठेही. बोट थांबते न थांबते तोवर चढायचं, कंडक्टर हेल्मेट घालून बाहेरच्या कडेवरून चालत तिकीट फाडतो, आणि पाणी उडायला लागलं की बाजूला बसलेल्याने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा. ती दोरीची ड्यूटी माझ्याकडे आली होती आणि मी ती मनापासून केली. पाण्याला वास आहे, खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी प्लॅटिनम मॉल, प्रातुनाममध्ये, सोई ७ पासून चालत. हा होलसेल कपड्यांचा मॉल, मजल्यांवर मजले, आणि खेळ असा की एक पीस घेतला तर एक भाव, तीन घेतले की प्रत्येकी पन्नास-शंभर बाथ कमी. तीन एकाच डिझाइनचे लागत नाहीत, बहुतेक दुकानांत मिक्स चालतं, विचारा. लांब बाह्यांचे टॉप्स, लांब स्कर्ट, सैल पँटी, जे शोधायला मला आपल्याकडे चार दुकानं पालथी घालावी लागतात ते इथे ढिगाने होतं, मलेशिया-इंडोनेशियाच्या बायका बॅगा भरभरून नेतात म्हणून हिजाबची दुकानं पण आहेत. कापड नीट हाताने बघा, फोटोत शिफॉन दिसणारं हातात घेतल्यावर पडद्याचं कापड निघतं. आणि एअरलाइनचं सात किलो लक्षात ठेवा, मी परत येताना तीन टॉप्स एकावर एक घातले होते.

मग नदी. साफान ताकसिन स्टेशनखाली सातोर्न धक्का, तिथून केशरी झेंड्याची बोट, १६ बाथ. शेजारी टुरिस्ट बोटवाले जोरजोरात बोलावतात, ती महाग, झेंडा बघून बसायचं. वाट अरुण देवळाचं तिकीट २०० बाथ. ग्रँड पॅलेस ५०० म्हणून सोडला आणि पश्चात्ताप नाही. 'देवळात कशाला गेलीस' असं विचारणारे भेटतातच, बघायला गेले, पूजा करायला नाही, अजिंठा बघताना पण कुणी विचारत नाही. अख्खा मनोरा चिनी मातीच्या फुटक्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांनी मढवलेला आहे, लांबून नक्षी, जवळून चक्क बशी!

तिथून चालत गेले बांग लुआंग मशिदीला, उन्हात वीस-पंचवीस मिनिटं, वाटेत दोनदा विचारलं. ही मशीद बाहेरून बघाल तर थाई देऊळच म्हणाल, पांढऱ्या भिंती, हिरवं उतरतं छप्पर, घुमट नाही. पण बाहेरचे खांब मोजा, ३० भरतात, कुरआनाच्या ३० पाऱ्यांचे, म्हणजे भागांचे. खिडक्या १२ आणि दार एक, मिळून १३, नमाजच्या १३ रुकनांसाठी, म्हणजे आवश्यक भागांसाठी. आत एक चाचा जमात (एकत्र पढायची नमाज) संपल्यावर फॅनखाली आडवे झाले होते, मला बघून उठायला लागले तर मीच म्हटलं बसा बसा, मराठीत, आणि ते बसले.

खाण्याचं थोडं अजून, कारण सगळ्यात जास्त तेच विचारतात. रस्त्यावरच्या साध्या गाडीवर चिकन आहे म्हणून खाऊ नका, कढई एकच असते आणि बऱ्याचदा डुकराची चरबी वापरतात, भाजीत पण. 'मू' म्हणजे डुक्कर, 'नो मू' म्हटलं तर तुकडे काढून देतील, चरबीचं काय? पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असलेलं 'जे' जेवण शुद्ध शाकाहारी असतं, हलाल नाही मिळालं तर ते बरं. पाकिटांवर चौकट तिरकी उभी केल्यासारखा हलालचा शिक्का असतो, थायलंडच्या सेंट्रल इस्लामिक कौन्सिलचा, कोपऱ्यावरच्या सेव्हन इलेव्हनमध्ये पण ढीगभर वस्तूंवर दिसतो. चॉकलेट-जेलीवर तो बघूनच घ्या, जिलेटिन असतं, ते डुकराचं असू शकतं. घरच्यांसाठी मी सुका आंबा नेला, त्यात भीती नाही.

शॉपिंग आणि विमान सोडलं तर सगळा खर्च पंधराशे बाथच्या आत बसला. एकटी होते म्हणून भीती वाटली का, तर रात्री उशिरा मी फिरलेच नाही, आणि दिवसा एक टुकटुकवाला 'पॅलेस आज बंद आहे, दुसरीकडे नेतो' म्हणाला तेवढंच, ही फसवणूक फार जुनी आहे, सरळ पुढे चालायचं.

राहिली ती हारून मशीद. नदीकाठी, ओरिएंटल धक्क्याजवळ, जुन्या कस्टम हाऊसच्या मागे. संध्याकाळी पोचले तेव्हा मगरीबची (सूर्यास्तानंतरच्या नमाजची) घाई, पढले आणि एअरपोर्टला पळाले. तिथे जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, गल्लीत छोटा बाजार भरतो म्हणतात, खाण्याच्या गाड्यांसकट, त्यामुळे ज्यांना जमेल त्यांनी गुरुवारी रात्रीचं तिकीट काढा आणि शुक्रवारची एक रजा टाका.