सव्वा लाखाचं यंत्र आणि ३१ किल्ल्या

शेवटपर्यंत कुणी वाचेल याची खात्री नाही, म्हणून कामाची गोष्ट आधीच सांगते. शाळेला एखादी वस्तू भेट देणार असाल तर बिल पहिल्या दिवसापासून शाळेच्या नावाने करा. 'मुख्याध्यापक, अमुक विद्यालय' असं. आम्ही ते केलं नाही आणि त्यापायी आमचे साडेचार महिने गेले.

२०२४च्या डिसेंबरात आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. १९९९ची बॅच, पंचवीस वर्षं. शाळेला काय द्यायचं यावर नेहमीची चर्चा झाली. वॉटर कूलर आधीच्या बॅचने दिलेला, प्रोजेक्टर त्याच्याही आधीच्यांनी. आमच्यातला एक जण दोन वर्षांपूर्वी टेनिस बॉलची मॅच खेळताना पीचवरच कोसळला होता. हातपाय झटकत होता म्हणून सगळ्यांना फीट वाटली. कुणी तोंडावर पाणी मारलं, एक जण कांदा आणायला पळाला. छातीवर दाब कुणीच दिला नाही, कारण तो द्यायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. तो गेला. त्यामुळे शाळेच्या मैदानाजवळ एईडी, म्हणजे हृदय अचानक बंद पडल्यावर शॉक द्यायचं यंत्र, लावू या असं मी म्हटल्यावर कुणी दुसरं नाव काढलं नाही. पैसे आठ दिवसांत जमले, फेब्रुवारीत यंत्र आलं. भिंतीवरची पेटी आणि छातीला चिकटवायचे जादा पॅड धरून सव्वा लाख. पैसे माझ्या खात्यातून गेले, म्हणून बिल माझ्या नावावर.

आता ऑफिस.

क्लार्क भाऊसाहेबांनी बिल उलटसुलट पाहिलं. "मॅडम, वस्तू डेडस्टॉकला चढवायची तर बिल लागतं. बिल तुमच्या नावावर. म्हणजे वस्तू तुमची." डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंचं रजिस्टर.

"भेट दिलीय ना आम्ही."

"तसं पत्र?"

पत्र दिलं. मग कळलं की पत्र शाळेला नाही, संस्थेला द्यायचं. संस्थेचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी. तिथे गेले तर, ठराव मासिक सभेत होईल. मार्चची सभा परीक्षांमुळे पुढे गेली, एप्रिलला कोरम भरला नाही, मे म्हणजे सुट्टी. जूनमध्ये फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, तुमच्या पत्रावर जावक क्रमांक नाही. अहो, मी एक बाई, घरून पत्र लिहिलेलं. मला कुठला जावक क्रमांक?

तोवर यंत्र कुठे? मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, आंतरशालेय शिल्ड आणि तोंडी परीक्षेच्या कागदांच्या मध्ये, कुलपात. रजिस्टरला नोंद नाही तर भिंतीला लावायचं नाही, आणि सव्वा लाखाची वस्तू उघड्यावर ठेवायची नाही. माणूस जगवायचं यंत्र 'डेड' स्टॉकमध्ये चढत नाही म्हणून कपाटात मरून पडलेलं! यातलं हसू मला आता येतं, तेव्हा नुसता संताप येत होता. त्यात पॅडची मुदत. पॅडला चिकट जेल असतं, ते कालांतराने सुकतं, म्हणून पाकिटावर तारीख छापलेली असते. आमच्या पाकिटावरच्या दोन वर्षांतले चार-साडेचार महिने त्या कपाटाने खाल्ले. पाकीट आधी फोडायचं नाही हेही इथेच सांगून ठेवते.

हेडसर माणूस वाईट नाही. त्यांची भीती वेगळी होती. "एखाद्या पोराने गंमत म्हणून दुसऱ्याला शॉक दिला म्हणजे?" तसं होत नाही. पॅड छातीला चिकटवल्यावर यंत्र आधी हृदयाची लय तपासतं. हृदय नीट चालू असेल तर शॉक तयारच करत नाही, बटण कितीही दाबा. हृदय नुसतं थरथरत असेल किंवा रक्त न ढकलता भलत्याच वेगाने धडधडत असेल, तरच शॉक. आणि हृदय पूर्ण थांबून रेघ सरळ झाली असेल तरीही शॉक देत नाही, छातीवर दाब चालू ठेवा म्हणून सांगतं. हे मी तीनदा सांगितलं. सर मान डोलवायचे, कपाट बंदच राहायचं.

शेवटी शाळा उघडल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, सर, भांडत नाही, एकदा नुसता वेळ लावून बघू. क्रीडाशिक्षक तयार झाले. मैदानाच्या पार टोकाला चटई टाकून आडवे झाले. मी मोबाइलवर वेळ सुरू केली, नववीचा एक मुलगा ऑफिसकडे पळाला. किल्ल्या शिपाई मामांकडे, आणि मामा चलन भरायला बँकेत. फोन केला, मामा सायकलवर आले. कमरेच्या कडीत ३१ किल्ल्या, मी नंतर मोजल्या. काहींना लाल चिंधी, काहींना दोरा. लाल चिंधीची लावली तर ती प्रयोगशाळेची निघाली. यंत्र मैदानात पोचलं तेव्हा ११ मिनिटं झाली होती. दाब आणि शॉक मिळाला नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, हे सरांना मी आधी कागदावर दिलं होतं. क्रीडाशिक्षक चटईवर उठून बसले आणि म्हणाले, "सर, मी गेलो की हो."

त्याच दुपारी हेडसरांनी स्वतः संस्थेत फोन लावला. जावक क्रमांकाचं मी निस्तरलं. पत्र पुन्हा लिहिलं आणि वर ठोकून दिलं: 'जा. क्र. १/२०२५'. कुणी काही विचारलं नाही. आठवड्याने ठराव हातात. भाऊसाहेबांनी सुंदर अक्षरात नोंद केली: 'हार्ट अटॅक मशीन, नग १'. हार्ट अटॅक म्हणजे रक्तवाहिनी तुंबणं, त्यात माणूस सहसा शुद्धीवर असतो, बोलतो. हे यंत्र हृदय अचानक बंद पडल्यावरचं. पण मी दुरुस्ती सुचवली नाही. पुन्हा ठराव नको.

पेटी कुठे लावायची यावर मात्र मी हटले नाही. ऑफिसात नाही. ऑफिस साडेपाचला बंद होतं आणि कबड्डीचा सराव सहाला सुरू होतो. स्टेजच्या पायऱ्यांशी, व्हरांड्यात, पावसाची झड येत नाही अशा भिंतीला लावली. कुलूप नाही, दार उघडलं की अलार्म वाजतो, तेवढी राखण पुरते. पहिल्या आठवड्यात पोरांनी दोनदा वाजवून पाहिला, मग नवलाई संपली. पुन्हा वेळ लावली, त्याच टोकापासून जाऊन-येऊन: १ मिनिट ३५ सेकंद.

प्रशिक्षण एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी फुकट दिलं. त्यातलं आठवतं तसं लिहिते. माणूस हलवून, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर थांबायचं नाही. आचके देणं म्हणजे श्वास घेणं नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. एकाने १०८ लावायचा, एकाने यंत्र आणायला पळायचं, तिसऱ्याने दाब सुरू करायचा: मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसात किमान ५ सेंटिमीटर खोल. घामेजलेली छाती पुसूनच पॅड लावायचे. यंत्र लय तपासत असताना आणि शॉक देताना कुणी हात लावायचा नाही, शॉक झाला की लगेच पुन्हा दाब. आठ वर्षांखालच्या किंवा २५ किलोच्या आतल्या मुलाला लहानांचे पॅड. नसतील तर मोठेच, एक छातीवर, एक पाठीवर. आमच्या पाचवीत २५ किलोच्या आतली पोरं आहेत, म्हणून हे महत्त्वाचं. लेदर बॉल छातीवर बसूनही धडधाकट पोराचं हृदय बंद पडू शकतं, हे ऐकून क्रीडाशिक्षकांचा चेहरा उतरला. सरावाच्या पुतळ्यावर सगळ्यात चांगला दाब मामांनी दिला.

पेटीतला हिरवा दिवा लुकलुकतोय ना, हे आता मामाच रोज सकाळी बघतात आणि शेजारच्या तक्त्यावर सही करतात. पॅडची मुदत संपायच्या आत नवे मागवायचेत, बॅचच्या ग्रुपवर पैसेही जमलेत. या वेळी बिल शाळेच्या नावाने. भाऊसाहेबांनी आत्ताच बजावून ठेवलंय, "मॅडम, जुने पॅड टाकू नका. रजिस्टरमधून नाव कमी करताना, निर्लेखनाला दाखवावे लागतील."