आमची वाटचाल : तालमीच्या माडीवरचा क्राव मागाचा वर्ग

फेब्रुवारी संपत आला की आमचा फोन दम घेऊ देत नाही. आठ मार्चला महिला दिन. कंपन्यांच्या एचआरना त्याच दिवशी, दुपारी तीन ते पाच, कॉन्फरन्स रूममधल्या खुर्च्या बाजूला सारून ‘सेल्फ डिफेन्स’ हवा असतो. झेंडूवाल्याचा जसा दसरा तसा आमचा मार्च. जूनमध्ये त्यांतलं कुणी ओळखही दाखवत नाही. आमच्या धंद्याचा सगळा पेच यात आला : गिऱ्हाइकाला दोन तासांत शिकायचं असतं आणि ही विद्या दोन तासांत अंगात मुरत नाही.

मी आधी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडलं, त्यानंतर ऑफिसातल्या आम्ही सगळ्याच जणी मिरचीचे स्प्रे घेऊन हिंडत होतो. मला ते पटेना. स्प्रे पर्सच्या तळाशी, पर्सची चेन बंद, आणि हात थरथरत असताना तो शोधायचा कुणी? मग रविवारी पहाटेची गाडी पकडून मुंबईला क्राव मागा, म्हणजे इस्रायली सैन्यातून आलेली स्वसंरक्षणाची पद्धत, शिकायला जायला लागले. तिथेच माझा भागीदार भेटला. तो मूळचा ज्युदोवाला. पुढे दोघांनी इन्स्ट्रक्टर कोर्स केला, इस्रायलमध्ये नेतन्याला शिबिरालाही जाऊन आलो. तिथल्या एका प्रशिक्षकाची आजी अलिबागची बेने इस्रायली (कोकणातली ज्यू) निघाली. आजीकडून त्याला एवढंच मराठी आलं होतं : ‘गप बस’ आणि ‘अजून घे’. दोन्ही तो शिबिरात आमच्यावर वापरायचा.

पुण्यात जागा शोधायला लागलो तर मंगल कार्यालयांनी लग्नसराईचं कारण सांगितलं, सोसायट्यांनी ‘आरडाओरडा चालणार नाही’ म्हणून हाकललं. आमच्याकडे ओरडणं अभ्यासक्रमातच आहे! शेवटी पेठेतल्या एका तालमीची माडी मिळाली. खाली लाल माती, वर आमच्या मॅट. वस्तादांनी भाडं सांगण्याआधी विचारलं, “इस्रायलचं म्हणजे बंदुकीचं काय गं पोरी?”

मग त्यांना क्राव मागाचा जनक इमी लिख्टेनफेल्ड सांगावा लागला. जन्म १९१०, बुडापेस्टचा, वाढला ब्रातिस्लाव्हात. वडील आधी सर्कशीत कसरती करणारे, नंतर पोलिसांत. स्वतःची व्यायामशाळा चालवायचे. इमी कुस्ती, बॉक्सिंग, जिम्नॅस्टिक्स सगळ्यांत तरबेज. १९३०च्या दशकात ज्यूंच्या वस्तीवर फॅसिस्ट टोळ्या चालून यायला लागल्या तेव्हा तो आणि त्याचे सोबती रस्त्यावर उतरले, आणि आखाड्यात जिंकणं वेगळं, गल्लीत वाचणं वेगळं, हे त्याला कळून चुकलं. गल्लीत पंच नसतो, वजनी गट नसतो, समोरचा एकटाच असेल याची हमी नसते. १९४० मध्ये ‘पेन्चो’ नावाच्या मोडकळीला आलेल्या बोटीतून तो डॅन्यूबवरून निघाला, वाटेत बोट फुटली, आणि १९४२ मध्ये पॅलेस्टाईनला पोचला. इस्रायल झाल्यावर सैन्याच्या शारीरिक प्रशिक्षणाचा आणि क्राव मागाचा तो मुख्य प्रशिक्षक झाला. १९६४ मध्ये निवृत्त झाल्यावर हीच पद्धत त्याने साध्या नागरिकांसाठी बसवली. १९९८ मध्ये नेतन्यात वारला.

“म्हणजे पैलवानच की,” वस्ताद म्हणाले आणि किल्ली दिली.

आता आम्ही शिकवतो काय, ते एका उदाहरणातून सांगते. समोरून कुणी दोन्ही हातांनी गळा धरला, तर कुणाचेही हात आपसूक गळ्याकडे जातात. तिथूनच सुरुवात होते. शरीर जे आपोआप करतं त्याच्याच पुढे तंत्र जोडायचं. पाचही बोटं जुळवून हाताचा आकडा करायचा, तो त्याच्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी अडकवायचा आणि आपल्या खांद्यांच्या दिशेने झटका मारायचा. पकडीत सगळ्यात कच्चा असतो अंगठा, म्हणून तिथेच. आणि त्याच क्षणाला जांघेत लाथ. आधी सोडवणूक, मग प्रहार असं नाही, दोन्ही एकदम. मग धक्का, दोन पावलं मागे, आजूबाजूला नजर (त्याचा साथीदार कुठे आहे?) आणि पळ. नव्या पोरांना हे शेवटचंच जमत नाही. लाथ नीट बसली की तिथेच उभी राहून बघत बसतात.

हे मॅटवर पहिल्याच तासाला येतं. पण दिवे घालवले, आधी दोन मिनिटं बर्पी (बैठक, जोर, उडी सलग) मारायला लावल्या, डोळे मिटायला सांगितले आणि मागून कुणी ढकललं, की सगळं विसरायला होतं. दमलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या हातून बारीक हालचाली होत नाहीत. म्हणून तंत्रं थोडी, ठोकळ, आणि तीच ती घोटून घ्यायची. घोटायला महिने लागतात, आणि ते महिने विकणं हाच आमचा खरा धंदा.

विकायला अडचणी काय कमी नाहीत. पालक विचारतात, ब्लॅक बेल्ट कधी मिळेल? आमच्या अभ्यासक्रमात पट्टे नाहीत, पी-वन, पी-टू अशा पायऱ्या आहेत. स्पर्धा नाहीत, त्यामुळे पदकं नाहीत, त्यामुळे दहावीला क्रीडा गुण मिळायचा प्रश्नच नाही. तिथे निम्मे पालक उठतात आणि कराटेच्या वर्गाला जातात. त्यात चूक काही नाही, कराटेवालेही चांगलं शिकवतात. मला राग येतो तो आठवड्याच्या शिबिरानंतर ‘क्राव मागा इन्स्ट्रक्टर’ अशी पाटी लावणाऱ्यांचा. इमीनंतर जगभर त्याच्या विद्येच्या कितीतरी संघटना झाल्या. पाटी कुणीही लावू शकतो, आणि गिऱ्हाइकाला फरक कळायला मार्ग नाही.

एक वर्ग आम्ही मुद्दाम सगळ्यांना देतो. रबरी सुरीच्या धारेला लाल लिपस्टिक फासायची, विद्यार्थ्याला पांढरा टी-शर्ट घालायचा आणि हल्ला करणाऱ्याला मोकळीक द्यायची. अर्ध्या मिनिटात टी-शर्टवर, कोपरांवर, मानेला लाल रेघोट्या. चांगले कसलेले विद्यार्थीसुद्धा कोरे राहत नाहीत. सिनेमात सुरी हिसकावून घेतात तसं काही होत नाही, हे आमच्या सांगण्याने पटत नाही, त्या रेघोट्यांनी पटतं. सुरी दिसली आणि वाट मोकळी असली तर पळायचं. पाकीट मागितलं तर पाकीट देऊन टाकायचं.

याच मुद्द्यावर दुपारच्या तुकडीतल्या काकूंशी माझी दरवर्षी जुंपते. बाईकवरून येऊन मंगळसूत्र ओढलं तर काय करायचं? मी म्हणते, सोडा. दोन्ही हातांनी धरून ठेवलंत तर बाईकबरोबर फरफटत जाल. “अगं, पाच तोळ्यांचं आहे!” म्हणून त्या उसळतात. तेव्हा मी त्यांना बाकीचं शिकवते : वाहनं समोरून दिसतील अशा बाजूने चालायचं, पदर किंवा ओढणी गळ्यालगत घ्यायची, पत्ता विचारायला गाडी थांबली तर हाताच्या टप्प्याबाहेर राहून बोलायचं. यात लाथ-बुक्की कुठेच नाही, तरी माझ्या मते हा आमचा सगळ्यात उपयोगी तास आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. हातभर अंतरावर शिकवायची विद्या सहा फुटांवरून कशी शिकवणार? ऑनलाइन तास घेतले. पॅडच्या जागी गादीची वळकटी, आणि जोड्या एकाच घरातल्या. एक सासू-सुनेची जोडी होती, त्यांचा उत्साह बघून स्क्रीनमधून आम्हीच ओरडायचो, “हळू, हळू!” निम्म्याहून जास्त विद्यार्थी गळाले. वस्तादांनी भाड्याचं नाव काढलं नाही. दसऱ्याला जिम उघडायला परवानगी मिळाली तेव्हा पावसाळाभर अंथरलेल्या मॅट उचलल्या, तर खाली हिरवीगार बुरशी. त्या टाकून नव्या घ्यायला कर्ज काढावं लागलं.

त्या कर्जातून आम्हाला बाहेर काढलं ते डॉक्टरांनी. एका रुग्णालयात नातेवाइकांनी निवासी डॉक्टरला मारहाण केली आणि तिथल्या परिचारिकांनीच आम्हाला बोलावलं. इथे प्रश्न निराळा होता. समोरचा गुंड नसतो, त्याचं माणूस नुकतंच गेलेलं असतं. त्याला लाथ मारायची नसते. म्हणून तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, ‘थांबा, ऐकून घ्या’ म्हणतो तसे धरायचे. दिसायला ती विनवणी, पण हात आधीच वर आलेले असतात. पाठ भिंतीला नाही, दाराकडे. वाईट बातमी द्यायला एकट्याने जायचं नाही. आणि गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात. गळा आवळायला त्यापेक्षा सोयीचं काही नसतं. ओळखपत्राची दोरीही ओढली की सुटणाऱ्या क्लिपची हवी. हे लहानसहान बदल त्यांनी दुसऱ्याच दिवशी केले. आता आमचं स्थिर उत्पन्न बऱ्याच अंशी रुग्णालयांकडून येतं.

प्रत्येक तुकडीला एक तास वकीलबाई येऊन घेतात. स्वसंरक्षणाचा हक्क आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आला. कलमांचे आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. एवढं राहतं की बचावाला लागते त्याहून जास्त इजा करायची मुभा कायदा देत नाही. खाली पडलेल्याला आणखी चार लाथा घातल्यात तर आरोपी तुम्ही.

मार्चच्या गर्दीचं शेवटी आम्ही असं केलं : दोन तासांचा सुटा कार्यक्रम बंद. कंपनीला तीन महिन्यांनी एक असे वर्षाचे चार वर्ग एकदमच ठरवावे लागतात, आणि पहिल्या वेळी फक्त आवाज, अंतर आणि निसटणं. फोनवर हे ऐकून बरेच जण ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. मार्चची कमाई घसरली, जून-जुलैची वाढली, आणि हिशेबनीस सांगतो की गोळाबेरीज आधीपेक्षा बरी आहे.

फ्रँचायझी मागायला लोक येतात. आम्ही नाही म्हणतो, कारण शिकवणारा माणूस तयार व्हायलाच काही वर्षं लागतात. आमच्याच दोन विद्यार्थिनी, त्यांतली एक परिचारिका, सध्या इन्स्ट्रक्टर कोर्स करताहेत. त्या पास झाल्या की चिंचवडला संध्याकाळची तुकडी सुरू करायची. जागा बघून ठेवली आहे, तळमजल्यावर, ओरडायला हरकत नसलेली.