पंधरा मिनिटांचा मुलतानी

शुक्रवार, रात्री

विभागीय आंतरविद्यापीठ युवक महोत्सवाहून आज पहाटेच्या गाडीनं नागपूरला परतलो. शास्त्रीय गायनात आमच्या विद्यापीठाच्या संगीत विभागातली मुलगी, माझी विद्यार्थिनी, दुसरी आली, समूहगीताला तिसरा क्रमांक मिळाला, तालवाद्यात काही नाही. उद्या-परवा हे सगळं पेपरात दोन ओळींत येईल. मुलांची नावं छापून येतील, गावाकडे कात्रणं जातील आणि ती जपून ठेवली जातील. ते व्हायलाच हवं. पण त्या दोन ओळींच्या मागे काय काय असतं ते मला लिहून ठेवायचंय. वर्ष उलटलं की आमच्याच विभागात ते कुणाला आठवत नाही, फक्त कपाटातल्या ढाली आठवतात.

शास्त्रीय गायनाला मंचावर 15 मिनिटं मिळतात. वाद्यं लावायला त्याआधी 5. साथीला दोघंच. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाची एक मात्रा 4 सेकंदांची धरली, तर 12 मात्रांचं एक आवर्तन 48 सेकंदांचं होतं. म्हणजे बड्या ख्यालाची 10 आवर्तनं गायली की 8 मिनिटं संपली. उरलेल्या वेळात छोटा ख्याल, बोलताना, ताना आणि शेवट. आपल्याकडे बैठकीत गवय्या नुसता षड्ज लावायलाच तेवढा वेळ घेतो, आणि इथे तेवढ्यात अख्खा राग उभा करायचा. अनेक जण म्हणतात, ही गाण्याची थट्टा आहे. मला तसं वाटत नाही. 10 आवर्तनांत बढत करायची, म्हणजे राग हळूहळू उलगडायचा, तर प्रत्येक आवर्तनात काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही हे ठरवावं लागतं. हे ठरवणं मुलांना एरवी कुणी शिकवत नाही.

आणि चिठ्ठी! आपला नंबर कधी येणार हे चिठ्ठीवर. सकाळी गायचं की दुपारी, ते तिथे गेल्यावरच कळतं. म्हणून प्रत्येक गाणाऱ्याचे दोन राग तयार ठेवायचे. हिचे होते सकाळचा जौनपुरी आणि दुपारचा मुलतानी. नंबर आला दुपार कलल्यावर, म्हणजे मुलतानी.

मुलतानीला सूर तोडी रागाचेच. ऋषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र. चढताना ऋषभ-धैवत घ्यायचे नाहीत, उतरताना घ्यायचे पण त्यांच्यावर बसायचं नाही. बसलं की तोडी दिसायला लागते. घाबरलेला माणूस नेमका नको त्या सुरावर थांबतो, म्हणून हा राग स्पर्धेत धोक्याचा. पावसाळ्यापासून आम्ही दोघी फक्त मध्यमावरून गंधारावर येण्याचा रस्ता घोटत होतो. ताना तिच्याकडे आधीपासूनच होत्या, त्यांची मला काळजी नव्हती.

तिनं काल तो गंधार लावला तेव्हा परीक्षकांपैकी एकानं पेन खाली ठेवलं. मी विंगेतून बघत होते. दुसरा क्रमांक तिला कशामुळे मिळाला ते मला ठाऊक नाही, पण माझ्या लेखी तो या गंधाराचा आहे.

शनिवार

विभागाला सुट्टी. मुलीच्या वडिलांचा फोन आला. भंडारा जिल्ह्यात त्यांची धानाची शेती आहे, आणि गावच्या भजनी मंडळात ते खंजिरी वाजवतात. म्हणाले, "मॅडम, ते मेडल तं आमी फोटोत पायलं. पन पोरगी गायली काय, ते कुठी आयकाले भेटन?"

मला फार बरं वाटलं. इतक्या अभिनंदनांत गाणं ऐकायला मागणारे हे पहिलेच. साथीदारानं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग त्यांना पाठवलं. संध्याकाळी पुन्हा फोन. अख्ख्या मंडळानं देवळात बसून ऐकलं होतं. म्हणाले, "लय हळूहळू घेते, पन सोडत नाही." विलंबित ख्यालाबद्दल मी वर्गात जे तासन् तास सांगते, ते त्यांनी चार शब्दांत सांगितलं.

ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव 2005 मध्ये आपल्या विद्यापीठाला मिळालं, ते स्वतः खंजिरीवर भजन म्हणत गावोगाव फिरले. विदर्भात आजही खंजिरी भजनांच्या स्पर्धा होतात, रात्र-रात्र चालतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया अशा चार जिल्ह्यांतून आमच्याकडे मुलं येतात, आणि त्यांतली कितीतरी या स्पर्धांत लहानपणी टाळ धरून बसलेली असतात. त्यांच्या अंगात लय असते, आवाज मोकळा असतो, लोकांसमोर गायची भीती नसते. प्रवेशाच्या वेळी मात्र आम्ही विचारतो, संगीताची मध्यमा झाली का, विशारदची परीक्षा दिली का. परीक्षा हव्यातच. पण ही मुलगी आली तेव्हा तिच्याकडे एकही प्रमाणपत्र नव्हतं, आणि मंडळातल्या बायकांच्या मागे उभं राहून कमावलेला तिचा श्वास आमच्या कुठल्याही विशारदापेक्षा लांब होता. प्रवेश-मुलाखतीत भजनी मंडळाचा अनुभवही विचारात घ्या असं मी बैठकीत मांडणार आहे, आणि मान्य होईपर्यंत मांडत राहणार आहे.

समूहगीताचा तिसरा क्रमांकही इथूनच आला. सहा गाणारे, दोन गीतं, एक देशभक्तीचं आणि एक लोकगीत, सगळं मिळून 10 मिनिटं. लोकगीताला आम्ही खंजिरी घेतली. बाकीच्या संघांची वाद्यं आमच्यापेक्षा कितीतरी जास्त झगमगीत होती. सभागृहानं ठेका मात्र आमच्यावर धरला.

रविवार

आज मुद्दाम त्या मुलाबद्दल लिहायचंय ज्याला काहीच मिळालं नाही.

तो तबला वाजवतो. स्वतंत्र वादनासाठी तीनताल घेतला होता. त्याचा पेशकार, म्हणजे वादनाची संथ सुरुवात, ऐकताना मी घड्याळ विसरले. उतावीळपणा नाही, डग्ग्याची मींड जिथल्या तिथे, प्रत्येक खाली-भरी स्वच्छ. त्या दिवशी त्या सभागृहात पेशकार इतका कुणीच वाजवला नाही, हे मी कुठेही ठामपणे सांगेन. पण पेशकारात रमला आणि कायद्याचे पलटे आवरते घ्यावे लागले, रेला, म्हणजे बोलांची वेगवान धाव, जेमतेम सुरू झाला तोच वेळ संपल्याची घंटा. त्याच्यामागून आलेल्या मुलानं पहिल्या मिनिटापासून चक्रदारांचा पाऊस पाडला आणि टाळ्या घेतल्या. निकाल नियमाला धरूनच लागला. दिलेल्या वेळात वादन पुरं व्हायला हवं, हे मलाही मान्य आहे.

परतीच्या गाडीत पोरगा वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. जेवलाही नाही. आमचे तबल्याचे सर खालून म्हणाले, "उतर खाली. एक गोष्ट सांगतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. सर आकाशवाणीचे बी-हाय श्रेणीचे कलाकार. त्याच्या वरच्या ए श्रेणीसाठी त्यांनी मागे रेकॉर्डिंग दिलं होतं, ते नामंजूर झालं. यंदा पुन्हा दिलंय, उत्तर अजून यायचंय. तिथे कलाकाराचं नाव न कळवता नुसतं वादन ऐकतात. किती वर्षं शिकवताय, किती शिष्य तयार केलेत, कोणत्या पदावर आहात, काही विचारात घेतलं जात नाही. "माझंही तुझ्यासारखंच झालं," सर म्हणाले, "रेल्यात गडबडलो. आणि मी काऊन गडबडलो हे मला वर्गात शिकवता शिकवता कळलं."

पोरगा उठून बसला. "सर, तुम्ही नापास झाले?"

"झालो ना."

त्यानं डबा उघडला आणि जेवला.

मी त्या क्षणापासून हाच विचार करतेय. पन्नासच्या दशकात, बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना, आकाशवाणीनं कलाकारांची श्रेणी ठरवण्यासाठी चाचणी सुरू केली, पं. श्रीकृष्ण रातंजनकरांसारख्या जाणत्याकडे ते काम दिलं, तेव्हा बुजुर्ग गवय्यांनी केवढा विरोध केला होता. आयुष्य गाण्यात घालवल्यावर आमची परीक्षा कोण घेणार, हा त्यांचा सवाल होता, आणि त्यात तथ्य होतं. पण शिक्षकाच्या बाबतीत माझं मत आता पक्कं झालंय. वर्गात आमचं ऐकणारी मुलं आमच्यापेक्षा लहान, आमच्या गुणांवर अवलंबून. ती कधी म्हणणार नाहीत की मॅडम, आज तुमचा पंचम उतरला. जो शिकवतो त्यानं वर्षातून एकदा तरी अशा कुणासमोर गायला-वाजवायला हवं ज्याला त्याच्याकडून काही नको आहे. सरांनी ते केलं. मुलांच्या यशासारखंच हेही विभागाचं यश म्हणून नोंदवलं गेलं पाहिजे, निकाल काहीही लागो.

मीही यंदा अर्ज भरणार आहे. राग अजून ठरला नाही.

सोमवार

विभागात छोटासा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. दुसऱ्या क्रमांकाची मुलगी बोलायला उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "साथीला दोघं होते, त्यांनाबी बोलवा ना मंचावर." प्रमाणपत्रावर साथीदाराचं नाव नसतं. दोघांनाही बोलावलं. पेटीवाला मुलगा पहिल्या वर्षाचा आहे, लाजून चूर झाला होता.

कार्यक्रमानंतर ती माझ्या खोलीत आली. म्हणे, "मॅडम, पुढच्या वर्षी मारवा घेऊ का?"

नागपुरात मारवा म्हटलं की वसंतराव देशपांडे. 1920 साली मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव इथेच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. पुढे लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे गेले, आणि खाँसाहेबांनी त्यांना महिनोन् महिने एकच राग दिला, मारवा. सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या नावाच्या सभागृहात आमची मुलं दरवर्षी उभी राहतात, म्हणून हे त्यांना ठाऊक असावं असं मला वाटतं.

स्पर्धेसाठी मारवा मी सहसा कुणाला देत नाही. पंचम नाही. षड्ज टाळत टाळत गायचं. पूरिया आणि सोहनी हे दोन्ही त्याच सुरांचे शेजारी, जरा चाल चुकली की त्यांच्या दारात. निवांतपणा नसेल तर मारवा नुसता कडवट लागतो, आणि 15 मिनिटांत निवांतपणा आणायचा कुठून?

हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, पण डोळ्यांत ठरलेलं दिसत होतं. मी म्हटलं, मग स्पर्धेचं नाव काढायचं नाही. वर्षभर मारवा शिकू. पुढच्या वर्षी तो 15 मिनिटांत बसला तर बसला, नाही तर जौनपुरी आहेच. उद्यापासून संध्याकाळी साडेपाचला ये. मुली साडेपाचची शेवटची बस पकडतात, तेव्हा वसतिगृहाचं बघावं लागेल. उद्या अधीक्षकांशी बोलते.

बाहेर पडले तर तबल्याच्या खोलीतून आवाज. सर आणि तो मुलगा मोबाइल मध्ये ठेवून बसले होते. सरांचं ते नामंजूर झालेलं रेकॉर्डिंग चालू होतं, मागे लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी सुरावट. पोरानं स्वतः मागून घेतलं होतं म्हणे. मी दारातच थांबले. रेला आला, आणि काही आवर्तनांनंतर पोरानं हात वर केला.

"इथं, सर. इथून लेहऱ्याच्या पुढं पळून राहिले तुम्ही."

सरांनी मागे नेऊन तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला. "हाव," ते म्हणाले, "इथंच. मला हे समजायला दोन महिने लागले होते." मग त्याला म्हणाले, "आता तुझं लाव."