जागा : निश्चित नाही

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा बाईंचा फोन आला आणि मला आठवलं ते शाळेपासून फार लांबचं एक उघडं माळरान.

नववीची परीक्षा संपली, त्या सुट्टीतली गोष्ट. शहरातल्या शाळकरी मुलांसाठी जीवाश्म शोधण्याचं शिबिर होतं आणि भूगोलाच्या बाईंनी आमच्या वर्गातून सहा नावं पाठवली. तोवर माझी मातीशी ओळख कुंडीपुरतीच. दोन आठवडे तंबूत राहायचं, उजाडायच्या आत कामाला लागायचं आणि ऊन चढलं की हत्यारं आवरायची.

पहिले दोन दिवस खणणं नव्हतंच. उतारावर ओळीनं, मान खाली घालून चालायचं. पावसानं उघडी पडलेली हाडं फुटतात आणि तुकडे घरंगळत खाली येतात. तुकडा दिसला की त्याचा माग काढत वर चढायचं. जिथून पुढे तुकडे दिसेनासे होतात, तिथेच कुठेतरी हाडांचा थर असतो. मला दगड आणि हाड यांत फरकच कळेना. शिबिराचे सर म्हणाले, "जिभेला लावून बघ." दगड लावला, तो लगेच सुटला. हाडाचा तुकडा मात्र चिकटून राहिला, कारण त्यातली बारीक छिद्रं ओल शोषून घेतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं एक जनावर माझ्या जिभेला चिकटलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

चौथ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. सुतळी ताणून जमिनीचे एकेक मीटरचे चौकोन आखले होते आणि आम्ही ब्रश नि दाभण घेऊन एकेका चौकोनात बसलो होतो. माझ्या ब्रशखाली तपकिरी कड दिसू लागली. तळहाताहून लहान, वरच्या अंगाला बारीक खळगे. कासवाच्या कवचाचा तुकडा! मी तो उपसला आणि धावत सरांकडे गेले.

त्यांनी तुकडा हातात घेतलाच नाही. विचारलं, "किती खोल होता? कुठली बाजू वर होती? लांब कड कुठल्या दिशेला?" मी परत धावले. पण बाजूची माती ढासळून खळगा बुजला होता. सर रागावले नाहीत. माझ्याजवळ मांडी घालून बसले आणि शेजारच्या चौकोनातली हाडं दाखवली. तिथले लांबट तुकडे बहुतेक एकाच दिशेला पडले होते, म्हणजे ते वाहत्या पाण्यानं आणून टाकले असावेत. जनावर जिथे मेलं तिथेच गाळात पुरलं गेलं असतं, तर हाडं बरीचशी एकमेकांना लागून सापडली असती. माझा तुकडा यांतलं काय सांगत होता, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. मला रडू आलं.

नंतरचे दिवस मी दाभणापेक्षा पेन्सिल जास्त वापरली. प्रत्येक तुकड्याचं चित्र, उत्तरेचा बाण, खोली, थराचा रंग. एक मोठी बरगडी निघाली, ती उचलायला तीन दिवस लागले. आधी भोवतीची माती काढून हाड मातीच्या ओट्यावर ठेवायचं, त्यावर ओला पातळ कागद, मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. सुकलं की खालून पोखरून सगळं एका झटक्यात उलटायचं. सर सांगत, १८७६ साली अमेरिकेत कोप आणि स्टर्नबर्ग या जीवाश्म शोधणाऱ्या दोघांनी तांदूळ शिजवून त्याच्या खळीत कापड बुडवलं आणि हाडं गुंडाळली होती. तोच प्रकार पुढे प्लास्टरवर आला.

मी पुढे जीवाश्मशास्त्राकडे गेले नाही, पण वाचन सुटलं नाही. २००५ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या जीवाश्म विष्ठेबद्दल वाचलं, तेव्हा सर डोळ्यांपुढे उभे राहिले. डायनासोरांच्या काळातल्या त्या विष्ठेत वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, तेही निरनिराळ्या गवतांचे. गवत डायनासोरांच्या नंतरचं, असं तोवर मानलं जाई. विष्ठेचे ते गोळे कुठल्या थरातले, हे पक्कं ठाऊक होतं म्हणून तो शोध उभा राहिला. तेच गोळे कुणी नुसते खिशात घालून आणले असते, तर त्यांतलं गवत कधीचं, हे कशावरून ठरवलं असतं?

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सरांनी माझा कवचाचा तुकडा मलाच दिला. "संशोधनाला उपयोग नाही, शाळेत दाखवायला ठेव," म्हणाले. चिठ्ठीही मलाच लिहायला लावली. गेल्या महिन्यात महोत्सवाच्या बैठकीला आले, तेव्हा विज्ञानाच्या खोलीतलं कपाट उघडून पाहिलं. तुकडा आहे. शाई फिकट झाली आहे, पण अक्षर माझंच : "कासवाच्या कवचाचा तुकडा. जागा : निश्चित नाही."